बोली मोठी, पण पैसा कुठे?

दसरा उलटला की खान्देशातले रस्ते मालाने भरून वाहू लागतात. कापसाच्या गाड्या, मक्याची पोती, ज्वारी-बाजरी. आणि रावेर, यावल, चोपडा या तापीकाठच्या भागातून केळीच्या मोटारी तर बाराही महिने चालूच असतात. पावसापाण्याशी झुंजून पिकविलेल्या मालाचे दोन पैसे करावयाचे हे दिवस. घरोघरी मनाशी हिशोब मांडलेले असतात. कुणाला सोसायटीचे कर्ज भरावयाचे असते, कुणाला पोराची कॉलेजची फी द्यावयाची असते, कुणाकडे लेकीचे लग्न ठरलेले असते.

या दिवसांत पारावर, बसस्टँडवर, चहाच्या टपरीवर एकच प्रश्न ऐकू येतो, "आज काय भाव निघाला?" प्रश्न योग्यच आहे. पण त्याच्या जोडीचा दुसरा प्रश्न विचारणारा क्वचितच भेटतो, "आणि पैसे किती दिवसांत हातात पडले?"

शेतकरी बंधू-भगिनींनो, आज या दुसऱ्या प्रश्नाविषयी चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. बी-बियाणे, खते, कीड-रोग यांविषयी आम्ही विस्तार खात्याची माणसे नेहमीच बोलतो. परंतु एकरी चार क्विंटल उत्पादन वाढवून त्या मालाचे पैसेच बुडाले, तर त्या वाढीचा उपयोग काय? बोली हा तोंडचा शब्द आहे. पैसे हातात येईपर्यंत भाव हा भाव नसतो.

बोली मोडणाऱ्यांचे तीन प्रकार

बोली लावून पैसे न देणारे खरेदीदार तीन तऱ्हेचे असतात. तिघांवर उपाय वेगवेगळे आहेत, म्हणून आधी त्यांची ओळख करून घेऊ.

पहिला, बोलून मागे हटणारा. लिलावात चढाओढीने तो मोठा भाव बोलतो. दुपारी बाजार उतरल्याची बातमी येते, आणि हा गृहस्थ माल उचलावयास येतच नाही. शेतकरी पोत्यांवर बसून वाट पाहतो. संध्याकाळी मिळेल त्या भावाने दुसऱ्याला माल द्यावा लागतो.

दुसरा, काट्यावर भाव पाडणारा. लिलावात बोली एक, पण माल गोदामात किंवा जिनिंगवर उतरू लागला की याला त्यात ओल दिसते, कवडी दिसते, माती दिसते. "एवढा भाव नाही परवडत, शे-दीडशे कमी घ्या, नाहीतर भरा परत गाडी." अर्धी गाडी रिकामी झालेली, भाडे अंगावर चढलेले. शेतकरी मुकाट्याने मान डोलावतो. हीही बोली बुडविण्याचीच तऱ्हा, फक्त ती सभ्य दिसते.

तिसरा, माल घेऊन जाणारा आणि पैसे न देणारा. हा सगळ्यांत घातक. पहिल्या दोन वेळा हा रोख देतो, बाजारापेक्षा पाच-पन्नास जास्तच देतो. गावात नाव होते. तिसऱ्या वेळी साऱ्या गावाचा माल उधारीवर उचलतो. मग "पुढच्या सोमवारी", मग "दिल्लीहून पैसे आले की", मग फोन बंद. खान्देशात कापसाची खेडा खरेदी असो की केळीची शिवार खरेदी, ही कथा नवी नाही. आमच्याकडचा माणूस अशा वेळी कपाळावर हात मारून म्हणतो, "माल बी गया अन् पैसा बी गया."

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सगळे व्यापारी एका माळेचे मणी नव्हेत. पिढ्यान्‌पिढ्या चोख व्यवहार करणाऱ्या पेढ्या आपल्याकडे आहेत. शिवाय प्रामाणिक व्यापाऱ्याचे पैसेही कधी कधी उत्तरेत अडकतात. पण शेतकऱ्याने नियम पाळावेत ते माणसाचा चेहरा पाहून नव्हे. चोख व्यापाऱ्याला पावती देण्याचे कधीच जड जात नाही.

लिलाव उघड्यावर आला तो याचसाठी

पूर्वी बाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरत असत. व्यापारी आणि दलाल यांच्या बोटांत काय ठरले हे मालधन्याला कळत नसे. या अंधारावर उपाय म्हणून आपल्या देशात बाजार कायद्याने बांधण्याची सुरुवात झाली ती वऱ्हाडातील कारंज्याच्या कापूस बाजारापासून, १८८६ साली. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. खान्देश तेव्हा मुंबई इलाख्यात होता. तेथे १९२७ साली कापूस बाजार कायदा झाला आणि १९३९ साली इतर शेतमालासाठी कायदा झाला. आज आपल्या बाजार समित्या चालतात त्या १९६३ च्या महाराष्ट्र कृषी उत्पन्न खरेदी-विक्री कायद्याने.

उघडा लिलाव, खरे वजन आणि वेळेवर पैसे, अशा तीन पायांवर ही व्यवस्था उभी आहे. पहिल्या दोन पायांकडे आपण लक्ष देतो. तिसरा पाय लंगडा असला तरी चालवून घेतो.

या कायद्याने खरेदीदाराला समितीचा परवाना लागतो. तो निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार समितीला आहे. समितीच्या आवारात विकलेल्या मालाचे पैसे चोवीस तासांच्या आत शेतकऱ्याला मिळाले पाहिजेत, असा नियम आहे. शेतकरी आणि व्यापारी यांच्यात तंटा झाल्यास तो समितीपुढे नेता येतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, विकलेल्या मालाचे शेतकऱ्याचे थकलेले पैसे जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याची तरतूद याच कायद्याच्या कलम ५७ मध्ये आहे. सरकारी सारा थकला तर तहसीलदार जप्ती आणतो ना? तसाच मार्ग आपल्या पैशांसाठीही ठेवलेला आहे. पण हे सारे तेव्हाच चालते, जेव्हा सौदा समितीच्या दप्तरात नोंदलेला असतो. आवाराच्या फाटकाबाहेर, पावतीविना केलेल्या सौद्याला समिती कोणत्या आधाराने हात लावणार?

आपल्याकडचे बरेच शेतकरी सीमेपलीकडे खेतिया, सेंधवा, बऱ्हाणपूर येथेही माल नेतात. तेथे मध्य प्रदेशचा १९७२ चा मंडी कायदा लागतो. मंडीच्या आवारात घेतलेल्या मालाचे पैसे त्याच दिवशी द्यावेत, न दिल्यास पाच दिवसांपर्यंत रोज एक टक्का जादा द्यावा, आणि तरीही न दिल्यास परवाना जावा, असा त्याचा रोख आहे. ज्या गावच्या बोरी, त्याच गावच्या बाभळी. माल जेथे विकतो तेथला नियम आधी विचारून घ्यावा.

शिरपूर तालुक्यातील मक्याची गोष्ट

२०२० सालची ही गोष्ट साऱ्या देशाने ऐकली. धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यातील एका शेतकऱ्याने आपला मका सीमेपलीकडच्या बडवानी जिल्ह्यातील व्यापाऱ्यांना विकला. रक्कम ठरली सुमारे ३ लाख ३२ हजार रुपये. इसार म्हणून हातात पडले २५ हजार. बाकी पंधरा दिवसांत देतो म्हणाले. पंधरा दिवस गेले, महिना गेला, चार महिने गेले, पैशाचे नाव नाही.

त्या वर्षी जूनमध्ये केंद्र सरकारने बाजार आवाराबाहेरच्या शेतमाल व्यापारासाठी वटहुकूम काढला होता व सप्टेंबरात त्याचा कायदा झाला होता. त्यात व्यापाऱ्याने त्याच दिवशी, किंवा फार तर तीन कामकाजाच्या दिवसांत, पैसे द्यावेत आणि तंटा उपविभागीय अधिकाऱ्याने, म्हणजे आपण ज्याला प्रांत म्हणतो त्याने, महिन्याभरात सोडवावा असे म्हटले होते. या शेतकऱ्याने त्या आधारे मध्य प्रदेशातील पानसेमलच्या उपविभागीय अधिकाऱ्याकडे तक्रार केली आणि त्याचे पैसे निघाले. २९ नोव्हेंबर २०२० रोजी पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील आपल्या भाषणात हे उदाहरण सांगितले.

पुढे काय झाले हेही ठाऊक असले पाहिजे. त्या कायद्यांवरून देशात मोठे आंदोलन झाले. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस संसदेने ते रद्द केले. म्हणजे प्रांताकडे जाऊन तीन दिवसांत पैसे मागण्याचा तो हक्क आज उरलेला नाही. अजूनही काही बंधू त्याच भरवशावर आवाराबाहेर माल देतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

ते कायदे चांगले की वाईट, या वादात येथे शिरावयाचे कारण नाही. आपल्या कामाचा धडा वेगळाच आहे. त्या शेतकऱ्याचे पैसे निघाले ते नशिबाने नव्हे. तक्रार कुठल्या दारी करावयाची हे त्याने शोधले, ती लेखी केली, आणि आपल्या राज्याची हद्द ओलांडून तो त्या दारी उभा राहिला. कायदा गेला, पण ही रीत जुनी होत नाही.

केळीवाल्यांनी अधिक जपावे

जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. नाव झाले, पण पैशांची जोखीम केळीत सर्वांत मोठी. कारण केळी थांबत नाही. कापूस घरात चार महिने राहील, हरभरा कोठीत राहील. कापलेला घड राहणार नाही. व्यापाऱ्याची माणसे बागेत येतात, घड कापतात, गाडी भरते आणि त्याच रात्री मोटार उत्तरेच्या रस्त्याला लागते. माल शेतकऱ्याच्या ताब्यातून गेला, आणि हातात राहिला एक वजनाचा कागद.

जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे व भाजीपाला आवाराबाहेर नियमनमुक्त केला. शेतकऱ्याला कुठेही, कुणालाही माल विकण्याची मोकळीक मिळाली. चांगलेच झाले. परंतु मोकळीक आली तशी जबाबदारीही आपल्या गळ्यात आली. बागेत झालेल्या सौद्यावर बाजार समितीचा पूर्वीसारखा धाक राहिलेला नाही.

यावलकडचे एक आप्पा मला म्हणाले, "साहेब, मी कागद मागितला तर व्यापारी म्हणेल, आप्पा, तुमचा माझ्यावर भरवसा नाही? आणि जाईल शेजारच्या बागेत. माझे घड झाडावर पिकून जातील."

मी विचारले, "आप्पा, तुम्ही सोसायटीतून कर्ज काढता तेव्हा सेक्रेटरी तुमची सही घेतो की नाही?"

"घेतो तर. दहा ठिकाणी घेतो."

"तो तुमच्याच गावचा, तुमच्याच भावकीतला. मग त्याचा तुमच्यावर भरवसा नाही काय?"

आप्पा हसले. म्हणाले, "भरवसा आहे, पण पैसा दुसऱ्याचा आहे ना, जपावाच लागतो."

"तसेच हे. केळीचा पैसा तुमच्या एकट्याचा कुठे आहे? सोसायटीचा आहे, खतवाल्याचा आहे, घरच्या लेकराबाळांचा आहे."

आप्पांची अडचण मात्र खरी आहे. एकट्याने अट घातली तर व्यापारी शेजारी जातो. शेजाऱ्यानेही तीच अट घातली तर तो कुठे जाईल? शिवारातल्या दहा-पंधरा बागाइतदारांनी एकत्र बसून ठरवावे: कापणीच्या दिवशी निम्मे पैसे बँकेत, उरलेले ठरल्या तारखेला, आणि मागची बाकी दिल्याशिवाय त्या व्यापाऱ्याला शिवारात पुढची कापणी नाही. यासाठी ना मोठी संस्था लागते, ना सरकारी मंजुरी. एकी लागते.

पडद्यावरचा लिलाव

आता लिलाव संगणकावर आला आहे. राष्ट्रीय कृषी बाजार, म्हणजेच ई-नाम, १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झाला आणि महाराष्ट्रातील शंभराहून अधिक बाजार समित्या त्याला जोडल्या गेल्या. फाटकावर मालाची नोंद होऊन त्याला क्रमांक मिळतो, मालाची तपासणी होते, खरेदीदार आपापल्या मोबाइलवरून किंवा संगणकावरून बोली लावतात. एकाची बोली दुसऱ्याला दिसत नाही. सर्वांत वरची बोली पसंत नसली तर शेतकरी ती नाकारू शकतो. वजन झाल्यावर बिल निघते आणि पैसे थेट शेतकऱ्याच्या बँक खात्यात भरण्याची सोय आहे.

यात मोठा गुण असा की प्रत्येक पायरीची नोंद राहते. कोणी बोली लावली, किती वाजता लावली, वजन किती भरले, सारे लिहिलेले. काट्यावर भाव पाडणाऱ्याची यात पंचाईत होते, कारण मालाची प्रत बोलीच्या आधीच तपासलेली असते. परंतु यंत्र बोली लिहून ठेवते, ते कुणाच्या खिशातून पैसे काढीत नाही. बऱ्याच ठिकाणी अजून आवाजी लिलाव होतो आणि संगणकात मागाहून नोंद केली जाते. म्हणून "ऑनलाइन आहे, आता काळजी नाही," असे समजू नये. नोंद आपल्या समोर व आपल्या नावाने झाली का, खाते क्रमांक बरोबर आहे का, हे पाहावे. मोबाइलवर आलेला संदेश पुसू नये.

हॉलंडने काय केले

या बाबतीत हॉलंडकडे पाहण्यासारखे आहे. तेथे ब्रुक ऑप लांगेडाइक या गावी भाजीपाल्याचा लिलाव १८८७ साली सुरू झाला. आज आल्समेर येथील फुलांचा लिलाव जगात सर्वांत मोठ्या लिलावांत गणला जातो, आणि ती संस्था उत्पादकांच्याच सहकारी मालकीची आहे. तेथे खरेदीदाराने आधी पैशांची सोय दाखविल्याशिवाय त्याला बोली लावता येत नाही. उत्पादकाला पैसे देते ती लिलाव संस्था. व्यापाऱ्याच्या मागे तगादा लावीत फिरण्याची पाळी फुलवाल्यावर येत नाही.

यातले मर्म साधे आहे: ज्याच्या पैशांची हमी, त्याचीच बोली. आपल्या बाजार समित्याही परवाना देताना व्यापाऱ्यांकडून अनामत किंवा बँक हमी घेतात. पण हमी पाच लाखांची आणि एका दिवसाची खरेदी वीस लाखांची, असे झाले तर ती हमी कुणाला पुरणार? समितीच्या फलकावर प्रत्येक व्यापाऱ्याच्या नावापुढे त्याची हमी किती आणि त्याच्याकडे शेतकऱ्यांची बाकी किती, हे लिहावे, असा आग्रह आपण धरला पाहिजे. समितीच्या निवडणुकीत मते मागावयास येणाऱ्यांना पहिला प्रश्न हाच विचारावा. भिंतीला रंग दिला की नाही, हे मागाहून पाहता येईल.

चढ्या भावाचा हिशोब

आता थोडे गणित करू. समजा तुमच्याकडे ५० क्विंटल मका आहे. एक व्यापारी २,०४० रुपये भाव देतो, रोख. दुसरा म्हणतो, २,१०० देईन, पण दीड महिन्याने. रोखीचे होतात १ लाख २ हजार, उधारीचे १ लाख ५ हजार. तीन हजार जास्त. मन ओढ घेते.

पण तेच १ लाख २ हजार रुपये दीड महिन्यासाठी तुम्हाला दरमहा शेकडा दोनने उसने घ्यावे लागले, तर व्याज होते ३,०६० रुपये. म्हणजे जास्तीचे तीन हजार गेले, वर साठ रुपये पदरचे. आणि हे पैसे ठरल्या दिवशी मिळाले तर! तीन हजारांच्या आशेने लाखाचा माल आपण पैजेला लावतो. उधारीचे पोते सव्वा हात रिते, असे जुनी माणसे म्हणत ती उगाच नव्हे.

मग प्रश्न येतो, "रोखीचा भावच पडलेला असेल तर?" त्यावर वाट आहे. पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून चालू आहे. योजना राबविणाऱ्या बाजार समितीच्या गोदामात तूर, हरभरा, सोयाबीन यांसारखा माल ठेवला, तर त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज वर्षाला ६ टक्के व्याजाने, सहा महिन्यांसाठी मिळते. लाख रुपयांचा हरभरा ठेवला तर ७५ हजार हातात. तीन महिन्यांचे व्याज १,१२५ रुपये. नड भागते आणि मालही आपलाच राहतो. बुडव्या खरेदीदाराचे खरे भांडवल म्हणजे आपली नड. ती भागविण्याची सोय आधी केली की त्याचा निम्मा धंदा बसतो.

माल देण्याआधी

आता कामाच्या गोष्टी क्रमाने सांगतो. हा भाग कापून भिंतीवर चिकटवून ठेवला तरी हरकत नाही.

एक. शक्य तो माल बाजार समितीच्या आवारातच, परवानाधारक खरेदीदारालाच विकावा. परवाना चालू आहे का, हे समितीच्या कार्यालयात विचारावे. विचारावयास पैसे पडत नाहीत.

दोन. बाहेरच्या खरेदीदाराचे पूर्ण नाव, पेढीचे नाव, पत्ता आणि बँक खाते लिहून घ्यावे. ज्याचे नुसते टोपणनाव आणि मोबाइल नंबर ठाऊक, त्याला एक किलोही उधार देऊ नये.

तीन. लिलावात भाव ठरला की तेथल्या तेथे सौदापावती घ्यावी. वजनाची चिठ्ठी वेगळी घ्यावी. हिशोबपट्टीवर भाव, वजन, कडता, हमाली-तोलाई आणि निव्वळ रक्कम लिहिलेली असावी. कोऱ्या पट्टीवर अंगठा किंवा सही कधीही करू नये.

चार. गाडीचा क्रमांक लिहून घ्यावा. भरलेल्या गाडीचा, वजनकाट्याचा आणि खरेदीदाराच्या माणसाचा मोबाइलवर फोटो काढावा.

पाच. उधारी द्यावयाचीच असेल तर थोडी द्यावी, तारीख लिहून घ्यावी, आणि सर्व माल एकाच वेळी एकाच माणसाला देऊ नये.

पैसे आले नाहीत तर

येथे बहुतेकांची गाडी अडते. आपण भिडस्त माणसे. "आज नाही उद्या देईल, कशाला संबंध बिघडवावेत?" या विचारात दोन महिने जातात, आणि बुडव्याला नेमके तेच हवे असते. म्हणून दिवस मोजून पावले टाकावीत.

दुसऱ्याच दिवशी: चोवीस तास उलटले की बाजार समितीच्या सचिवाकडे लेखी अर्ज द्यावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच, शिक्का आणि तारीख घ्यावी. तोंडी सांगितलेले वाऱ्यावर जाते. बोली लावून माल न उचलणाऱ्याची आणि काट्यावर भाव पाडणाऱ्याचीही तक्रार तेथेच आणि त्याच दिवशी करावी. माल आवारात असेपर्यंतच पंचनाम्याला अर्थ आहे.

पहिल्या आठवड्यात: समिती हलत नसेल तर तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे आणि जिल्ह्याच्या उपनिबंधकाकडे, सहकारी संस्था, अर्ज द्यावा. परवाना निलंबित करणे आणि थकलेली रक्कम महसुली थकबाकीप्रमाणे वसूल करणे, या दोन्ही मागण्या अर्जात स्पष्ट लिहाव्यात.

खरेदीदार पसार झाला किंवा पत्ता खोटा निघाला तर: थांबू नये, पोलीस ठाणे गाठावे. मुळातच फसविण्याच्या हेतूने माल नेला असेल तर तो नुसता देण्याघेण्याचा वाद राहत नाही, फसवणुकीचा गुन्हा होतो. पूर्वी हे कलम ४२० होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ लागते. नव्या पद्धतीत गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदविता येतो. हद्द आमची नाही, एवढ्याच कारणाने परत पाठविता येत नाही. ठाण्यात दाद लागली नाही तर जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज पाठवावा. गावातले सर्व फसलेले शेतकरी एकत्र गेले तर तक्रारीला वजन येते.

हे हवेतले बोलणे नाही. २०२० च्या सप्टेंबरनंतर नाशिक परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी शेतकऱ्यांना बुडविणाऱ्या व्यापाऱ्यांविरुद्ध मोहीम उघडली होती. जळगाव आणि धुळे हे दोन्ही जिल्हे याच परिक्षेत्रात येतात. द्राक्ष आणि इतर मालाच्या शेकडो तक्रारी आल्या आणि शेतकऱ्यांचे कोट्यवधी रुपये परत निघाले. ज्याने तक्रारच दिली नाही, त्याच्यापर्यंत अशी मोहीम पोहोचणार तरी कशी?

धनादेश दिला असेल तर: २०१६ च्या नोटाबंदीनंतर धनादेशाने पैसे देण्याची प्रथा वाढली, आणि न वटलेले धनादेशही गावोगाव दिसू लागले. तारखा पाठ कराव्यात. धनादेशावरच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत तो बँकेत भरावा. न वटता परत आला तर बँकेची चिठ्ठी जपून ठेवावी. चिठ्ठी मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत खरेदीदाराला पोच मिळेल अशा टपालाने नोटीस द्यावी. नोटीस मिळाल्यावर त्याला पंधरा दिवसांची मुदत असते. तरी पैसे दिले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार दाखल करावी. या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा धनादेशाच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. "पुन्हा भरून बघा, या वेळी वटेल," असे सांगून मुदत घालविण्याची युक्ती जुनी आहे. तिला भुलू नये.

दिवाणी दावा लावण्यास साधारण तीन वर्षांची मुदत असते. वकिलाची फी झेपत नसेल तर जळगाव आणि धुळे येथे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या बांधवांना आणि कमी उत्पन्न असणाऱ्यांना तेथे फुकट वकील मिळतो.

घरातल्या माउलींना एक सांगणे

व्यापाराचे काम पुरुषांचे, असे आपण उगाच धरून बसलो आहोत. पैसे बुडतात तेव्हा गळ्यातली पोत मोडावी लागते ती घरातल्या बाईची. ज्या घरात माउली दुधाचा आणि किराण्याचा हिशोब चोख ठेवते, त्या घरात मालाचाही हिशोब तिच्याच वहीत असावा. एक शंभर पानी वही घ्यावी. माल कधी गेला, कोणी नेला, वजन किती, भाव किती, पैसे कधी येणार, कधी आले, अशा सहा रकान्यांत सारे मावते. पावत्या आणि पट्ट्या पिशवीत घालून कपाटात ठेवाव्यात. सदऱ्याच्या खिशात ठेवलेली पट्टी धुण्यात जाते. शाळेत जाणाऱ्या मुलीने त्या पट्टीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला तर आणखी चांगले. आणि पुढच्या वेळी बाजारातून धनी घरी आला की चहाचा कप पुढे करताना भावाआधी पावतीच विचारावी.

पेरणी वेळेवर केली, तण वेळेवर काढले, फवारणी वेळेवर केली तर पीक हाती येते, हे आपल्याला कुणी शिकवावयास नको. पैशांचेही तसेच आहे. पावती वेळेवर, तगादा वेळेवर, तक्रार वेळेवर. या हंगामात गाडी जुंपण्याआधी किंवा बागेत कोयता पडण्याआधी एवढेच ठरवा, की कागद हाती पडल्याशिवाय माल हलणार नाही.